कोपऱ्यावरचं कुंपण

मुलुंडला आम्ही राहत होतो त्या बैठ्या घरात दोन बिऱ्हाडं होती. एक आमचं, दुसरं काकूंचं. काकू मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीतून निवृत्त झालेले. दोन्ही घरांतल्या बायकांचं न्हाणीघर एकच होतं. काळ्या दगडाची फरशी, एका अंगाला घराची भिंत आणि रस्त्यांकडच्या दोन्ही अंगांना काकूंनी फांद्या खोचून वाढवलेलं कोयनेलचं कुंपण. पुरुषभर उंच आणि इतकं दाट, की त्यातून बोटही जाऊ नये. फरशीवरचं पाणी थेट कोयनेलच्या मुळाशी जायचं, म्हणून ती भर उन्हाळ्यातही हिरवीगार असे.

आमचं घर नेमकं दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. आळीतल्या पुरुषांची एक रीत होती. सकाळच्या वेळी त्या कोपऱ्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायची आणि आवाज करायचा नाही. सायकल असली तर घंटीसुद्धा वाजवायची नाही. आत कुणी आंघोळ करत असेल तर घंटी वाजवणं म्हणजे मुद्दाम खाकरण्यासारखं वाटे. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळे पाळत होते, मीही पाळत होतो.

माझं लग्न होऊन चार-सहा महिने झाले असतील. एके सकाळी सायकलवरून स्टेशनकडे निघालो होतो. कोपऱ्यावर रीतीप्रमाणे मान वळवली. घंटी वाजवली नाही. दुसऱ्या रस्त्यानं पलीकडच्या आळीतले मास्तर सायकलवर येत होते. त्यांनीही मान वळवली होती. घंटी त्यांनीही वाजवली नाही. दोघं सभ्य माणसं एकमेकांवर आदळलो. मला खरचटलं. मास्तरांचं उजवं मनगट मोडलं. फळ्यावर लिहायचा हात तो.

मुलुंड तेव्हा नुकतंच मुंबईच्या हद्दीत आलं होतं आणि नवे नियम येत होते. अपघाताची बातमी पालिकेपर्यंत पोचली आणि दोन-तीन दिवसांत एक साहेब मुकादमाला घेऊन हजर झाले. मास्तरांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. माणूस सज्जन होता. कुंपण पाहून म्हणाले, "कोपऱ्यावरचं कुंपण कमरेच्या वर चालत नाही. समोरचं दिसायला नको का? तुम्ही घंटी का नाही वाजवलीत?"

मी खरचटलेलं कोपर चोळायला लागलो.

"मास्तर, तुम्ही?"

मास्तर गळ्यातल्या झोळीत हात घालून उभे होते. परक्या माणसासमोर न्हाणीचा विषय काढायचा कसा, हे दोघांनाही कळेना. "बरं, कुंपण इतकं उंच कशासाठी हवंय? काही अडचण असेल तर सांगा," साहेबांनी पुन्हा विचारलं. त्या प्रश्नाला फार सोपं उत्तर होतं. आमची बायकामाणसं तिथे आंघोळ करतात, एवढंच. मी म्हणालो, "तसं काही नाही."

ते तीन शब्द मला आजही टोचतात. मास्तरही बोलले नाहीत, पण मास्तरांची बायको तिथे न्हात नव्हती. माझी न्हात होती.

दुपारपर्यंत मुकादमाच्या माणसांनी कोयनेल कमरेइतकी छाटली. संध्याकाळी घरी आलो तर ती दगडी फरशी रस्त्यावरून सरळ दिसत होती. काकू ओट्यावर बसल्या होत्या.

"इचारल्यान ना तुका? मग तोंड शिवला हुता काय रे मेल्या?"

मी चपला काढायला वाकलो.

"आता काय उघड्यार न्हावचा आमी?"

बायकोला घरातल्या घरात आंघोळ करायला जागा नव्हती. खोलीत मोरीसुद्धा नव्हती. ती उजाडायच्या आत उठून, लुगडं नेसूनच दोन तांबे अंगावर घेई आणि ओल्यानं कुडकुडत आत येई. माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दीड-दोन महिने असे गेल्यावर एकदा पोळी वाढताना खाली बघून एवढंच म्हणाली, "मला माहेरी पोचवून या. तिथे परसात आडोसा तरी आहे." मी बरं म्हणालो.

माहेरी जायची ट्रंक भरून झाली, त्या दिवशी सकाळी काकूंनी दोन बांबू रोवले. त्यांना दोरी बांधली आणि आपलं नऊवारी लुगडं दुहेरी करून छाटलेल्या कुंपणाच्या आतून आडवं टाकलं. नेमका मुकादम पाहणीला आला.

"काकू, हे काय?"

"वाळत घातलंय."

"कोपऱ्यावर आडोसा चालत नाही."

"तुज्या कायद्यात लुगड्याची उंची लिवलली आसा काय? दाखय!"

मुकादम हसायला लागला. या वेळी मात्र मी पुढे झालो. कानशिलं तापली होती, तरी सांगितलं, "अहो, इथे आमची माणसं आंघोळ करतात. साहेबांना हेच सांगायचं राहिलं होतं." मुकादमाचं हसू थांबलं. "मग तेव्हाच बोलायचं ना, राव," तो हळूच म्हणाला. "आंघोळ आटपली की काढत जा. दिवसभर कोपरा मोकळा दिसला की झालं. साहेबांना मी सांगतो."

तरी बायको फरशीवर जाईना. तिचं म्हणणंही खरं होतं. कोयनेलमागे काय आहे हे परक्याला कळत नसे. लुगडं टाकलं की आत बाई आहे हे अख्ख्या रस्त्याला कळतं. मी म्हटलं, "मी कोपऱ्यावर उभा राहतो. कुणाला येऊ देत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग बादली उचलली.

मी रस्त्यावर, लुगड्याकडे पाठ करून उभा राहिलो. येणारे-जाणारे बघत होते, पण मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं. थोड्या वेळानं मास्तर आले. हात बरा झाला होता, पण सायकल हातात धरून चालत होते. लुगडं पाहिलं, मला पाहिलं. त्यांना सगळं समजलं असावं. सायकल थांबवून त्यांनी घंटी वाजवली. चांगली दोनदा.

"काकू, जाऊ का?"

काकू ओट्यावरूनच ओरडल्या, "थांब रे! पाठीर पानी घेवचा रवलाहा तिचा!"

लुगड्याच्या आतून हसण्याचा आवाज आला. कुंपण छाटल्यापासून मी तो ऐकला नव्हता. मास्तर आणि मी, दोघंही रस्त्याच्या मधोमध, कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहिलो. मागे पाणी पडत होतं. घरात भरलेली ट्रंक तिनं त्याच दुपारी रिकामी केली.