बुधवारचे मामा

दुसऱ्याच्या पोटात कळ आली की स्वतः कण्हणारा माणूस उभ्या मॉरिशसात एकच झाला, आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ निघाला. मामांचं बों अक्योय गावात शिंप्याचं दुकान होतं. ते बुधवार सोडून रोज उघडं असे. बुधवारी दुकानाला कुलूप घालायचं, फेल्ट हॅट चढवायची आणि गावातल्या ज्या मराठी म्हाताऱ्यांना डॉक्टरांना दाखवायचं असेल त्यांना गोळा करून जिल्ह्याच्या इस्पितळाची बस पकडायची, हा त्यांचा नेम. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारणीला सोबत म्हणून गेले होते, तेव्हा तिथले डॉक्टर त्यांना सहज ‘थँक यू’ म्हणाले. तेवढ्या शिदोरीवर मामांनी पुढची कितीतरी वर्षं काढली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी त्याच इस्पितळात नर्स होते. वॉर्डात क्रेओल ही बेटावरची बोली चाले, कागदोपत्री इंग्रजी. म्हाताऱ्यांना बाजारहाटापुरतं क्रेओल येई, पण दुखणं सांगायची वेळ आली की त्या आपोआप मराठीवर येत. मी क्वात्र बॉर्न शहरात वाढलेली. मराठी मला समजे, पण तोंडातून बाहेर पडत नसे. त्यात एक नवा डॉक्टर आला, दूर देशातला, लाल कानांचा, इंग्रजीपलीकडे एक अक्षर न कळणारा. मामांना हवा तसा माणूस मिळाला.

मामांनी आपलं इंग्रजी तरुणपणी एका साहेबाच्या बंगल्यावर शिवणकाम करताना जमवलं होतं. त्यामुळे त्यात कापड भरपूर आणि शरीर फार थोडं. कुणाचा दंड सुजला तर ते गंभीरपणे सांगत, “स्लीव्ह व्हेरी टाइट, डॉक्टर.” जखम चिघळली तर शिवण उसवलेली असे. जिथे कापडही संपे तिथे मामा अभिनयावर येत. गणेशोत्सवातल्या नाटकांत त्यांनी राक्षसांची कामं केली होती, ती विद्या इथे उपयोगी पडे. कळ आली म्हणायचं तर ते पोट धरून दुमडत, ठणका असेल तर डॉक्टरांच्या टेबलावर मुठीने ताल धरत, आणि चमक दाखवताना अशी उडी घेत की रांगेतली माणसं दाराशी येऊन पाहत. एकदा तर एका आजोबांचं छातीतलं दुखणं त्यांनी इतकं मन लावून केलं की शेजारच्या खोलीतून दोन नर्सा धावत आल्या आणि मामांनाच उचलून स्ट्रेचरवर घातलं. खरे रुग्ण असलेले आजोबा मामांची हॅट हातात धरून मागून चालत होते.

डॉक्टरांचं बोलणं म्हाताऱ्यांना सांगताना मात्र मामांना शब्द कमी पडत नसत. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी खा, की मामा लोणचं, खारी मासळी, सुनेचा हात, सुनेच्या माहेरची रीत आणि रात्रीचं जागरण एवढं सगळं घेऊन मगच थांबत. डॉक्टरांनी एकदा विचारलंच, “मी तर एकच वाक्य बोललो होतो?” मामा म्हणाले, “यू से स्मॉल, डॉक्टर. आय मेक लार्ज.”

मग एका बुधवारी त्यांनी एका आजीला आणलं. तिचा सगळा जन्म उसात राबण्यात गेलेला, साखरेचा आजार जुना, आणि पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. डॉक्टरांनी पाय पाहिला, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल.

“काय म्हंतो रे डोक्तेर?” आजीने विचारलं.

“म्हंतो, मलम देतो. बरं व्हईल,” मामा म्हणाले.

“मंग येवढं वाईट तोंड करून का म्हंतो?”

डॉक्टरांनी मला विचारलं, ती तयार आहे का. मला दोन्हीकडचं कळलं होतं. मी “मामा” म्हटलं, पण पुढचं मराठी जुळेना. “दीर ली,” एवढंच क्रेओलमध्ये निघालं. सांगा तिला.

मामांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. हात हलले नाहीत. “आजी, मी खोटं बोललो. पाय काढावा लागंल. न्हायतर तू ऱ्हानार न्हाईस.”

आजीने लुगडं पायावर ओढून घेतलं. मग म्हणाली, “त्याला इचार, त्याची आय हाय का?”

डॉक्टर म्हणाले, आहे, फार लांब आहे.

“तिचा पाय आसा आसता तर त्यानं काढला आसता का?”

मामांनी हा प्रश्न आहे तेवढाच पोचवला. डॉक्टरांचे कान आणखी लाल झाले. “आजच काढला असता,” ते म्हणाले.

“मंग काढ म्हनावं,” आजी म्हणाली. “पन तू हितंच बस.” हे मामांना होतं. संध्याकाळपर्यंत मामा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले, आणि मी पाहिल्यापासून पहिल्यांदाच कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

आजी वाचली. पुढे कुबड्या घेऊन देवळात यायची, आणि मामा दिसले की, “काय रं, मलम आनलंस का?” म्हणून सगळ्यांदेखत विचारायची. मामा मान खाली घालून हसत.

हळूहळू डॉक्टरांना कामापुरतं क्रेओल आलं, मग ते आपल्या देशी गेले. त्यांच्या जागी आमच्या बेटावरचेच तरुण डॉक्टर आले. म्हाताऱ्याही एकेक करून कमी झाल्या. मामा मात्र बुधवारी येतच राहिले. अशाच एका बुधवारी त्यांच्या गावची एक सून सासूला दाखवून बाहेर आली. मामा लगबगीने उठले आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारू लागले. “नान्ये, तोंतों,” ती म्हणाली. काही नाही, काका. आणि गोळ्यांची पुडी पिशवीत टाकून दोघी निघून गेल्या.

मी चहा आणून दिला. “आता समद्यांचं समद्यांस्नी कळतंय,” मामा म्हणाले, “लई बरं झालं.” मी सहज विचारलं, तुमची तब्येत कशी आहे? त्या इस्पितळात त्यांना हे बहुधा कुणी विचारलंच नव्हतं.

“माजी?” त्यांनी बशी खाली ठेवली. “डोळ्यांस्नी कमी दिसतंय. लई दिस झालं त्याला.”

तेवढ्यात बस आली. दाराचा दांडा हाताने चाचपत, पायरीचा अंदाज घेत मामा चढले. इतके बुधवार मी त्यांना बसवर सोडत आले होते, पण ते कसे चढतात हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.