लागलं-खुपलं का कुणाला?

एसटीला हात दाखवावा तसा बाई उजवा तळहात वर करायच्या. आपण कागदावरून प्रश्न वाचत असलो तर तिथंच थांबायचं. मग त्या म्हणायच्या, "आता हेच तुमच्या काकूला विचारा बरं."

माझी काकू नांदेडला होती आणि तिला दारूबद्दल काही विचारायची माझी छाती नव्हती. पण बाईंचं म्हणणं कळायचं. तोंडात घोळत नाही तो प्रश्न त्या पुढं जाऊच द्यायच्या नाहीत.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या रंगलेल्या, आतल्या कागदांवर मात्र जुन्याच जिल्ह्याचे शिक्के. त्यात दुष्काळ. आमच्या डॉक्टरांकडे परदेशात तयार झालेली एक प्रश्नावली आली होती. माणूस किती पितो आणि त्यापायी त्याचं आणि इतरांचं काय बिघडतं, हे ओळखायची. ती नांदेड-लातूरकडच्या माणसाला समजेल अशी करायची होती. डॉक्टरांनी भाषांतर केलं. ते गावोगाव विचारून बघायचं काम दवाखान्यातल्या समाजसेविका म्हणून बाईंकडे आलं आणि त्यांच्या हाताखाली मी, नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला.

बाई लोह्याकडच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, चालण्यात घाई. किनवटच्या जंगलातल्या एका गावात मी पहिल्यांदा विचारलं, "दारू घेता का?" समोरचा म्हणाला, "न्हाई." वास तर माझ्यापर्यंत येत होता. बाईंनी हळूच विचारलं, "अन् मोहाची?"

"ती हाय की. ती घरचीच."

देगलूरकडे शिंदीला कुणी दारू मानत नव्हतं, ते झाडाचं पाणी. मूळ कागदातलं दारूचं माप तर कुणालाच कळेना. शेवटी बाईंनी टपरीवरून चहाचा रिकामा ग्लास मागून आणला आणि समोर धरला, "असे किती?" लोक लगेच बोलायला लागले.

"पिल्यावर पस्तावा होतो का?" या प्रश्नाला एक म्हातारा म्हणाला, "पिल्यावर कशाला होईल बाई? उतरल्यावर होतो!" बाई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जीपमध्ये बसल्यावर पुन्हा हसल्या. प्रश्न बदलला.

सगळीकडे हसायला मिळालं असं नाही. एका घरी मालकांनी आधी बाईंचं आडनाव विचारलं. मग मला पितळी पेल्यात पाणी आलं, आणि बाईंना कोनाड्यातल्या वेगळ्या ग्लासात. बाई बौद्ध होत्या, आडनावावरून ते कळलं होतं. माझा पेला हातातच राहिला. बाईंनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि आधीच्याच आवाजात पुढचा प्रश्न विचारला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला वाटतं, त्यांना काही लागत नाही.

डॉक्टरांशी त्यांचा वाद झाला तो एकाच प्रश्नावरून. कागदावर होतं, 'आपल्या मद्यपानामुळे आपणास अथवा अन्य कोणास इजा झाली आहे काय?' गावात एकजण म्हणाला होता, "इजा झाली, आता बिजा-तिजा बी होईल की!" तेव्हा बाईंनी नवा प्रश्न केला, 'तुमच्या पिण्यापायी कुणाला लागलं-खुपलं का? घरात कुणाला?'

"मूळ प्रश्नात घर नाहीये, बाई," डॉक्टर म्हणाले.

"मुळात नसू द्या. मार तर घरातच बसतो."

डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, "विचारून बघा."

म्हणून आम्ही निलंग्याकडच्या एका गावात गेलो. भर दुपार. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेली होती. एका घराच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, पस्तिशीचा, शांत. दाढी वाढलेली. त्यानं आम्हाला पोतं अंथरून दिलं. किती पितो, कधीपासून पितो, सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी तो प्रश्न विचारला.

"लागलं की," तो म्हणाला. "बायकूला."

"कधी?"

"परवा."

"आता कुठं आहे ती?"

त्यानं मानेनं दाराकडे दाखवलं. "आत हाय."

माझ्या हातातला पेन थांबला. आम्ही एवढा वेळ ओट्यावर बसून ग्लास मोजत होतो आणि आतून एकही आवाज आला नव्हता. बाई उठल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जबडा मोडलेला. चेहरा सुजून एका बाजूला गेलेला. उशाशी तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिला पाणी गिळता येत नव्हतं. ज्या उन्हाळ्यात गाव टँकरमागं पळत होतं, त्या उन्हाळ्यात तो तांब्या तसाच भरलेला होता. तो त्यानंच भरून ठेवला असणार.

बाई बाहेर आल्या. त्यांचा आवाज मी त्यापूर्वी कधी चढलेला ऐकला नव्हता. "परवापासून ती अशी पडलीय, अन् तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "कुनी इचारलंच न्हाई," तो म्हणाला.

तो उद्धटपणे बोलत नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. दोन्ही हातांनी बाईंनी दाराची चौकट धरली होती.

मग त्यांनी मला जीप दारात आणायला सांगितलं. शेजारच्या दोन बायकांनी तिला गोधडीसकट उचललं. बाई मागं बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन. लातूर येईपर्यंत त्या ओल्या रुमालाचं टोक तिच्या ओठांना लावत होत्या.

ती वाचली. जबडा तारेनं बांधला. बाईंनी चौकीत तक्रार दिली, पोलिसांनी नवऱ्याला काही दिवस आत ठेवलं आणि सोडलं. बाई रोज दुपारी तिला पातळ पेज पाजायला जायच्या. तार निघाल्यावर ती पहिल्यांदा बोलली ती नवऱ्याबद्दलच. "त्यानं खरं सांगितलं बाई, म्हनून मी जित्ती हाय."

त्या दिवशी बाई डबा न उघडता बसून राहिल्या. "मला राग येतोय," त्या म्हणाल्या, "अन् ती त्याचे उपकार मानतीय. मी काय बोलू हो तिला?"

ती निघायच्या दिवशी नवरा दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा होता, अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत. सगळ्यांनी धरलंच होतं की ती त्याच्याबरोबर जाणार. बाईंनी तिला विचारलं, "कुठं जायचं तुला?"

ती म्हणाली, "उदगीरला. भावाकडं."

नवऱ्यानं बाजूला सरकून वाट दिली.

प्रश्नावलीचं काम पुरं झालं. बाईंचा प्रश्न डॉक्टरांनी त्यांच्याच शब्दांत ठेवला. पुढच्याच वर्षी बाईंची किनवटला बदली झाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. ट्रंक टपावर चढली, बाई खिडकीशी बसल्या. शेजारी एक तरुण बाई होती, कडेवर लेकरू, कपाळावर पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला. बाईंनी तिला काहीतरी विचारलं. गाडी सुरू झाली, मी हात हलवला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांची मान त्या बाईकडे झुकलेली होती, आणि ती बोलत होती.