झाडलेली वाळू

माझ्या मामांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली आणि त्या चाळीस वर्षांत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवला नाही. अशा माणसाला मी विश्रांतीसाठी बेटावरच्या रिसॉर्टवर नेलं, ही माझीच अक्कल. तिथं गवताच्या झोपड्या होत्या आणि दाराला साधी कडीसुद्धा नव्हती.

"कडी नाही, म्हणजे यात काहीतरी डाव आहे," मामा म्हणाले. त्यांनी बॅगेला घरून आणलेली तीन कुलपं लावली आणि ती साखळीनं खाटेला बांधली.

बेटावर आमच्याखेरीज फक्त एक राखणदार बाई होत्या. त्या रोज सकाळी आमच्या झोपडीभोवतीची वाळू झाडून सपाट करायच्या. मामांच्या मनात पाल चुकचुकली. "स्वतःच्या पावलांचे ठसे पुसतेय ती. आपण पाण्यात उतरलो की आत शिरत असणार." झालं! तीन दिवस मामा झोपडीचं दार सोडून हलले नाहीत, आणि मलाही हलू दिलं नाही.

चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मी सरळ बाईंना विचारलं, "रोज कशाला झाडता हो?"

"तुमचे ठसे दिसावेत म्हणून," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथं कुलपं घेऊन आलेले पाहुणे तुम्ही पहिलेच. म्हटलं, ही माणसं कुठं कुठं फिरतात ते कळलेलं बरं."

मी शरमेनं मान खाली घातली. मामांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून बाईंच्या हातात ठेवला आणि टॉवेल घेऊन पोहायला गेले.