मिहिकाच्या गोष्टीतली आई

अमिरातीत, अल ऐनला येऊन पंधरा वर्षं झाली, तरी कुमुदला इंग्रजीची भीती वाटायचीच. बाहेरचं सगळं नवरा, विलास, बघायचा. घर, देव आणि बारा वर्षांची लेक मिहिका एवढं तिचं राज्य.

ऑक्टोबरात मिहिकाने शाळेतून हॅलोविनचं एक जाडजूड पुस्तक आणलं. वर कवटीचं चित्र. कुमुदने आधी ते देवाजवळून उचलायला लावलं, मग अट घातली, "भुतांचं वाच हवं तर. पण रोज दिवा लावून झाला की मला मराठीत सांगायचं."

गोष्टीतली मुलगी धुक्यातल्या एका गावात शिरते. तिथे दारोदारी एकेक भूत. ते तिला पुढे जाऊ देतं, पण लहानपणातलं काहीतरी काढून घेतं. कुठे दुधाचा दात, कुठे लाडाचं नाव.

"आणि तिची आई गं?" कुमुदने पहिल्याच दिवशी विचारलं.

मिहिकाने पुस्तक मिटलं. "घरी. वाट बघतेय."

"पोर भुतांत आणि ही नुसती बसलीय?"

"शी इज कुकिंग, आई! पम्पकिनचं काहीतरी."

"घारगे असतील," कुमुद म्हणाली. तिला ती बाई एकदम ओळखीची वाटली.

त्याच आठवड्यात कुमुदच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. आपलं म्हणायला इथे कोण होतं? विलास आणि ती, दोघं गाडीतच बराच वेळ बसून राहिली. "मिहिकाला कळता कामा नये," विलास म्हणाला. घरी सांगितलं, आईचं हिमोग्लोबिन कमी झालंय.

संध्याकाळची गोष्ट मात्र चालू राहिली. कुमुद रोज आधी त्या आईचंच विचारायची. जेवली का? दाराशी किती वेळ उभी आहे? मिहिकाही आईचा भाग लांबवून लांबवून सांगायची. देवापुढे हात जोडताना कुमुद घरच्यांच्या नावांपाठोपाठ म्हणायची, त्या बाईची लेक सुखरूप परत येऊ दे.

पण शेवटचं प्रकरण आलं आणि मिहिका अडून बसली. "इट्स बोरिंग. खलास."

"अगं, पण पोर घरी पोचली का?"

"आय फरगॉट." तिने खोलीचं दार लावून घेतलं.

हॅलोविनच्या संध्याकाळी शेजारची फिझा चेटकिणीची टोपी घालून मिहिकाला बोलवायला आली. मिहिका बाहेर येईना. कुमुदने फिझाच्या पिशवीत चॉकलेटं टाकली आणि न राहवून विचारलं, "बेटा, तुमने भी वो किताब पढ़ी ना? आखिर में उसकी माँ मिलती है?"

फिझा गोंधळली. "आंटी, उसकी माँ तो पहले ही चॅप्टर में मर जाती है. इसीलिए तो वो घर से निकलती है."

कुमुद दार लावून तिथेच टेकली. तीन आठवडे ती एका मेलेल्या बाईसाठी देवाकडे मागत होती. घारगे, दाराशी उभं राहणं, सगळं पोरीने पदरचं घातलं होतं.

आत मिहिका अंधारात पडून होती.

"मला खोटं का सांगितलंस, बाळा?"

"तू पण सांगितलंस." मिहिका भिंतीकडे तोंड करून होती. "हिमोग्लोबिन. रिपोर्ट गाडीतच होता, आई. इट वॉज इन इंग्लिश."

कुमुदला वाटलं, अजूनही हसून वेळ मारून न्यावी. आणखी चार दिवस तरी पोर लहान राहील. पण ती पाठ बघून तिला हसू फुटेना. ती पलंगावर बसली.

"सोमवारी ऑपरेशन आहे. सकाळी सातला जायचंय."

"विल यू डाय?"

"माहीत नाही गं. डॉक्टर म्हणतात, वेळेवर सापडलंय. मला भीती वाटते."

मिहिका उठून बसली. रडली नाही. आई किती दिवस हॉस्पिटलमध्ये राहणार, ड्रेसिंग कोण करणार, असं एकेक विचारत गेली. कुमुदने ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. ऐकणारा चेहरा बारा वर्षांच्या मुलीचा नव्हता, आणि त्याचं कुमुदला मुळीच बरं वाटलं नाही.

बाहेर विलासची गाडी लागल्याचा आवाज आला.

"बाबाला ठाऊक आहे, मला माहितीय ते?"

"नाही."

"मग नको सांगू," मिहिका म्हणाली आणि दिवा लावायला उठली. "ही विल गेट स्केअर्ड."