ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक

मे महिन्यात नाशिकमध्ये राहणं अशक्य आहे, असं आमच्या कॉलनीतल्या लोकांना नव्वदच्या दशकात अचानक वाटायला लागलं. उन्हाळा त्याआधीही तेवढाच होता, पण तेव्हा कोणाकडे गाडी नव्हती. गाड्या आल्या आणि उकाडा असह्य झाला. आमच्याही दारात एक जुनी मारुती आली आणि आम्ही दर वर्षी आठवडाभर सापुताऱ्याला जायला लागलो. दिंडोरी, वणी, मग सुरगाण्याकडचा घाट, की आलंच. सापुतारा दीड दिवसात पाहून होतो. तळं, तळ्यातल्या बोटी, सूर्यास्त बघायची जागा आणि तिथे सूर्याकडे पाठ करून गप्पा मारणारी नाशिकचीच माणसं. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्यापाशी तयार असायचं. मी पुस्तकं न्यायचे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि स्टाफरूममध्ये ‘वाचणारी बाई’ म्हणून ओळखली जात होते. हे नाव मला कसं पडलं ते नक्की सांगता येणार नाही, पण पडल्यावर ते सांभाळणं माझ्याकडे आलं. जूनमध्ये कॉलेज उघडलं की कोणीतरी विचारायचंच, “मग, सुट्टीत काय वाचलंत?” त्यामुळे कपडे मी निघायच्या आदल्या दिवशी घाईघाईत भरायचे, पण पुस्तकांची निवड एप्रिलमध्ये पेपर तपासतानाच सुरू व्हायची. पलंगावर पुस्तकं मांडायची, दोन कमी करायची, तीन वाढवायची. एखादं नुसतं वाचावंसं वाटतं म्हणून घ्यायचं आणि लगेच लाज वाटून त्याच्या शेजारी एक गंभीर ठेवायचं.

काहीही निवडलं तरी एक कादंबरी दर वर्षी सोबत असायचीच. उशीएवढी जाड, परदेशी भाषेतून मराठीत आलेली, नदीकाठच्या एका गावात पावाची भट्टी चालवणाऱ्या कुटुंबाची कहाणी. पुस्तक प्रदर्शनात मी ती मोठ्या उत्साहाने घेतली होती. दर वर्षी मी पहिलं प्रकरण वाचायचे, ते मला फार आवडायचं, आणि मग सुट्टी संपायची.

“ही कादंबरी आता आपल्याशिवायही सापुताऱ्याला जाईल,” नवरा म्हणायचा. तो सातपूरला कारखान्यात होता आणि सुट्टीत फक्त झोपायचा. त्याला निवड करावी लागत नसे.

एका वर्षी हिवाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. सासरे, म्हणजे नाना, चांदवडला हायवेवर मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवत. सासूबाईंनंतर त्यांनी दुकान भाच्याच्या हाती दिलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. ते रडले नाहीत, कुरकुरले नाहीत. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते मनातल्या मनात ठरवत असावेत. बोलणं मात्र चहा, जेवण आणि “दार लावून घे” एवढ्यावर आलं होतं.

मुलगी बारावीच्या क्लासमुळे माझ्या आईकडे राहणार होती. नानांना एकटं ठेवायचं नाही, म्हणून त्यांना बरोबर न्यायचं ठरलं. मला वाटलं ते नको म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “येतो. पण माझ्यासाठीबी एखादं पुस्तक घे. तू वाचत बसशील, हा झोपल. मी काय करू?”

नानांच्या हातात मी वर्तमानपत्राशिवाय काही पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी प्रश्न पडला, द्यायचं काय? ज्या माणसाची बायको नुकतीच गेली आहे, त्याच्या हातात असंच पुस्तक द्यायला हवं ज्यात कोणाची बायको मरत नाही. मला हे अगदी सोपं वाटलं.

आधी घरातलं कपाट पाहिलं. कादंबऱ्या बाजूलाच ठेवल्या, कारण बायको मेल्याशिवाय आपल्याकडे नायकाला खोली येत नाही. विनोदी लेखांचा एक संग्रह उघडला, तर तिसऱ्याच लेखात एक विधुर गृहस्थ दुसऱ्या लग्नासाठी जाहिरात देत होते. एक हिमालयातला प्रवास होता. लेखक हिमालयात का गेला ते दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. मग मला गच्चीवरच्या बागेचं पुस्तक सापडलं. कुंड्या, माती, शेणखत. मी खूश झाले आणि सहज पहिलं पान उलटलं. ‘माझ्या दिवंगत पत्नीस, जिने ही बाग लावली.’

शेवटी मी वाचनालयात गेले. तिथल्या बाई मला चांगल्या ओळखायच्या.

“असं काही आहे का,” मी विचारलं, “ज्यात कोणी मरत नाही?”

“लहान मुलांचा विभाग बघा,” त्या म्हणाल्या.

तो बघितला. दुसऱ्याच गोष्टीत राणी वारली होती आणि राजा सावत्र आई आणायच्या तयारीत होता. बाईंनी माझा चेहरा पाहिला, कारण विचारलं, आणि मी सांगितल्यावर पेन बाजूला ठेवून स्वतः शोधायला उठल्या. आम्ही दोघी बराच वेळ कपाटापुढे उभ्या होतो. “हे घ्या. अं, नको.” “हे चालेल. थांबा, यात शेवटी आहे.” निघताना माझ्या पिशवीत तीन पुस्तकं होती. एक पक्ष्यांची ओळख, एक किल्ल्यांची माहिती आणि एक घरगुती विजेच्या दुरुस्त्यांवरचं. शेवटच्यात शॉक लागण्याबद्दल एक प्रकरण होतं, पण त्यातला माणूस वाचतो हे बाईंनी उघडून पाहिलं होतं.

सापुताऱ्याला पोचलो त्या संध्याकाळी मी तिन्ही पुस्तकं नानांच्या पलंगाशी नीट मांडून ठेवली. सकाळी उठून बाहेर आले, तर नाना हॉटेलच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर माझी जाड कादंबरी होती.

“नाना, तुमची पुस्तकं आत आहेत.”

“बघितली,” ते म्हणाले. “पक्षी समोर झाडावर बसल्यात, त्यांना पुस्तकात कशाला बघू? हे बरं हाय. दुकानदारीचं हाय.”

ते वाचत राहिले. वाचताना त्यांचे ओठ हलायचे, आणि अधूनमधून ते मान वर करून मला अहवाल द्यायचे. भट्टी पहाटेच पेटवावी लागते. पीठ आणायला नदीपलीकडे जावं लागतं. “हा नवरा गिऱ्हाइकाशी नीट बोलत नाय. खरं दुकान त्याची बायको चालवती. बाई हुशार हाय.”

ती बाई हुशार आहे हे ऐकून मी हातातलं पुस्तक मिटलं. इतक्या जाड पुस्तकातली हुशार बायको शेवटपर्यंत टिकेल याची मला खात्री वाटेना. आणि पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण मी ते पुस्तक फक्त फिरवलं होतं. पहिलं प्रकरण मात्र मला जवळजवळ पाठ होतं.

मग एकच मार्ग उरला. नाना दुपारी आडवे झाले की मी पुस्तक उचलायचे आणि त्यांच्या पुढे जाऊन वाचायचे. त्यांनी खुणेसाठी बसचं तिकीट घातलेलं असायचं. ते तसंच ठेवून मी पुढची पानं भराभर चाळायचे. कोणाला ताप आला की माझा वेग वाढायचा. इतक्या वर्षांत त्या कादंबरीने मला असं खिळवून ठेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हवं ते, म्हणजे नको ते, सापडलं. भट्टीवालीला खोकला सुरू झाला होता.

मी नवऱ्याला हलवून उठवलं. “अहो, तिला खोकला झालाय.”

“कोणाला?”

सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग पुस्तक काढून घे,” आणि कुशीवर वळला.

मी पुस्तक काढून घेतलं. माझ्या बॅगेत साड्यांखाली ठेवलं. नाना उठले, खुर्चीवर पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, पलंगाची गादी उचलून पाहिली. मला काही विचारलं नाही. मग किल्ल्यांचं पुस्तक घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले आणि ते न उघडता समोर बघत राहिले. घरी गॅलरीत बसायचे तसेच. ते मला पाहवेना. चहाच्या वेळी मी पुस्तक परत आणून दिलं. “चुकून माझ्या सामानात गेलं होतं,” असं म्हटलं. त्यांनी ते उघडून आधी तिकीट जागेवर आहे ना ते पाहिलं.

त्या संध्याकाळी नवरा बोटीच्या रांगेत उभा राहिला, आणि नाना आणि मी तळ्याकाठी बाकावर बसलो. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतंच. मी ठरवलं की सांगून टाकावं.

“नाना, ते पुस्तक जरा जडच आहे. पुढे पुढे तर फारच. सोडून दिलंत तरी चालेल.”

“ती मरती म्हणून?” नानांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“शेवट मी पहिल्याच दिवशी वाचलाय,” ते म्हणाले. “मला तीच सवय हाय. तुझ्या सासूनं लावलेली. दुकानापुढं गाडी बंद पडली की माणसं तास-दोन तास बसून राहायची. ही त्यांना चहा द्यायची आणि सगळ्यांची हकीकत काढून घ्यायची. मग माझं जेवण चालू असताना मला सांगायची, आणि शेवट आधी सांगायची. म्हणायची, शेवट कळला की तुम्ही निवांत ऐकाल, नाहीतर घास हातात धरून बसता.”

सासूबाईंबद्दल ते हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच बोलत होते.

“मग कळूनही तुम्ही वाचताय?”

“अजून लय पानं हाय ना ती,” नाना म्हणाले.

तळ्यावर कोणाची तरी लाल टोपी उडून पाण्यात पडली होती आणि दोन बोटी तिच्यामागे लागल्या होत्या. नाना तिकडे पाहत होते.

“तो नवरा बावळट हाय पण. ती खोकती हे सगळ्या गावाला कळलं. त्याला नाय.” मग म्हणाले, “मलाबी उशिराच कळलं होतं. तिला दम लागायचा तर मी म्हणायचो, हायवेची धूळ हाय, जाईल.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आमच्या घरात सासरे-सुनेमध्ये असं काही करायची पद्धत नव्हती. त्यांनी हात काढून घेतला नाही. नवरा तिकिटं नाचवत आला आणि आम्ही बोटीत बसलो. पुस्तक भिजू नये म्हणून नानांनी ते शर्टाच्या आत घातलं.

उरलेले दिवस त्यांनी वाचलं कमी आणि सांगितलं जास्त. कुठल्याशा ट्रकवाल्याची गोष्ट, लग्नाला निघालेल्या आणि चांदवडलाच अडकलेल्या वऱ्हाडाची गोष्ट, सगळ्या सासूबाईंच्या. नवरासुद्धा जागा राहून ऐकायचा. त्याला यातल्या बऱ्याच माहीत नव्हत्या. विजेच्या दुरुस्त्यांचं पुस्तक कोणीही उघडलं नाही, आणि पक्ष्यांचं पुस्तक व्हरांड्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उपयोगी पडलं.

कादंबरी नानांनी घरी परत आल्यावर स्वतःच्या खोलीत नेली. ती खोकणारी बाई त्यांनी दिवाळीपर्यंत पुरवली. एखादं पान दोन-तीनदा वाचायचे. मला ती परत मागणं बरं दिसेना, त्यामुळे माझी कादंबरी खोकल्यापाशीच राहिली. जूनमध्ये स्टाफरूममध्ये नेहमीचा प्रश्न आला. मी कादंबरीचं नाव सांगितलं. एक सहकारी म्हणाल्या, “बाप रे, एवढी मोठी, तुम्ही खरंच वाचलीत?” मी विनयाने हसले. विनयाने हसणं हे खोटं बोलण्यात धरत नाहीत.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, चपला घालून दारात उभे राहिले.

“चल. डॉक्टरकडं जायचंय.”

“काय होतंय तुम्हाला?” मी घाबरून विचारलं.

“मला नाय. तुला. जिना चढून आलीस की धापा टाकतीस.”

मला काहीही होत नव्हतं. वर्गात तास घेऊन, भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढल्यावर कोणालाही दम लागतो, हे मी त्यांना समजावलं. नवऱ्यानेही समजावलं. नाना ऐकून घेत होते, पण चपला काढत नव्हते. शेवटी मी गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रक्त कमी आहे म्हणाले. अगदी काळजीसारखं नाही, पण वेळेत आलात. लोहाच्या गोळ्या दिल्या.

त्या गोळ्यांनी तोंडाला गंजाची चव यायची आणि मला त्या मनापासून नकोशा होत्या. पण रोज जेवण झालं की नाना आपल्या खोलीतून विचारायचे, “गोळी घेतली का?” मी स्वयंपाकघरातून “हो” म्हणायचे. मग ते उठून यायचे, पाकीट उजेडात धरून उरलेल्या गोळ्या मोजायचे, आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवायचे.