बाबारावचं एकच वाक्य

दोन हजार सहा साली पुलगावच्या एका कॉम्प्युटर क्लासात सरिता पोरींले टायपिंग शिकवे. दुपारी क्लास रिकामा झाला का ती स्वतः बनवत असलेला गेम काढून बसे. गेम म्हणजे एक खेडं. तिथं हापशीजवळ एक म्हातारा बसलेला, अन् तो खेळणाऱ्याले एकेक कामगिरी सांगे. हरवलेला बैल शोध, मिलमधे डबा पोचव, शेळी दवाखान्यात ने. अशा बेचाळीस कामगिऱ्या.

म्हातारा म्हणजे तिचाच बाप, बाबाराव. मिलमधून रिटायर झाल्यापासून घरी बसून साऱ्याईचं डोकं खाई. म्हणून तिनं त्याले गेममधल्या म्हाताऱ्याचं बोलणं सांगायच्या कामाले लावलं.

"बाबा, शेळी न्यायले कसं सांगसान?"

"सांगीन, बापू, शिंगाले धरू नको. माह्या बायकोसारखी आहे, आठ दिवस रुसते."

"आई ऐकून राह्यली."

"म्हनून तं म्हनलो!"

सरिता तसंच्या तसं टाइप करे. बेचाळीस कामं, बेचाळीस तऱ्हेचं बोलणं.

गल्लीतला निकेश पुण्याले सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला; तो सुट्टीत आला, त्यानं गेमची फाईल पाह्यली. "अवं सरिता, मानूस तोच, जागा तेच, बक्षीस तेच. बेचाळीस खेपा कायले लिहितं? वर सामायिक सेटिंगमधे एकदाच लिही. खाली जे नसन, ते गेम वरून उचलते."

गोष्ट खरी होती. सरितानं नाव वर नेलं, जागा नेली, बक्षीस नेलं. हात असा चालला का बापाचं बोलणंही वर गेलं, साऱ्या कामगिऱ्यांले मिळून एकच: 'ये बापू, एक काम आहे.' खालचं सारं पुसलं. फाईल पाव झाली. त्याच नावानं सेव्ह केली, जुनी फाईल गेली.

बाबाराव खेळायले बसला. "काऊन वं? शेळीलेही तेच, डब्यालेही तेच? मी का टेसनावरचा भोंगा आहो?"

"मतलब तोच आहे ना, बाबा."

"मतलब तुह्यापाशी ठेव. उद्या बस, पुन्हा सांगतो."

सरिताले उद्या फुरसत नव्हती. परवाही नव्हती. आठव्या दिवशी बाबारावले लकवा मारला. महिन्यानं दवाखान्यातून घरी आला, तं उजवं अंग गेलतं अन् तोंडातून निस्तं हं-हं.

सरितानं क्लासमधला जुना कॉम्प्युटर मागून त्याच्या खाटेजवळ मांडला. तिले स्वतःले नऊ बोलणी आठवली. बाकीची ती विचारे.

"बैलाच्या टायमाले 'सांजेआधी आन' म्हनलं होतं?"

मान आडवी.

"'घंटी ऐकत जाजो'?"

मान आडवी. डावा हात खाटेवर आपटे. त्याले सारं आठवत होतं, तेच तं वाईट होतं.

चौथ्या दिवशी तो हो म्हणायले लागला. तिनं काही विचारलं का मान उभी. पाच झाली, दहा झाली. सरिता भराभर टाइप करून राह्यली होती. मंग तिच्या मनात शंका आली.

"बाबा, 'बैलाले रेल्वेत बसवून आन' म्हनलं होतं?"

मान उभी.

चुलीपुढून तिची आई तानाबाई म्हणाली, "थकला तो, सरे. तुह्यासाठी मान हालवून राह्यला. सोड आता."

त्यातलं खरं कोणतं अन् मन राखायसाठी कोणतं, हे आता कोण सांगणार? सरितानं त्या दिवसाचं सारं पुसलं. तेहतीस कामगिऱ्या रिकाम्याच राह्यल्या. त्यांच्यासाठी गेम वरचं तेच एक वाक्य उचलून राह्यला होता. पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, 'ये बापू, एक काम आहे.'

बाबारावनं तोंड भिंतीकडे फिरवलं.