एकदा परत, मग सही

भारताचे राष्ट्रपती आमचे भाडेकरू होते, आणि त्यांच्यामुळेच माझी सेतुमाधवरावांशी ओळख झाली. तंजावूरजवळच्या पापनाशमला आमच्या घराचा पुढचा भाग पोस्टाला दिलेला होता. सरकारी करार राष्ट्रपतींच्या नावाने होतात, त्यामुळे भाडेपट्ट्यावर भाडेकरू म्हणून राष्ट्रपतींचे नाव. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत. तंजावूरच्या कॉलेजात राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला मीही उठून ते ऐटीत सांगितले. वर्ग हसला. सार, म्हणजे आमचे सर सेतुमाधवराव, हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले आणि घरच्या मराठीत विचारले,

"भाडेकरूंना एखादी खिडकी जास्त हवी झाली, तर सांगायला कोण येतं?"

"पोस्टमास्तर."

"त्यांना कोण सांगतं?"

"वरचं ऑफिस. त्याला त्याच्या वरचं."

"आणि राष्ट्रपती कधी येतात?"

"येत नाहीत, सार. नुसतं नाव येतं."

"छान. अर्धं कार्यकारी मंडळ तुला समजलंय. उरलेलं अर्धं पुष्कळ मंत्र्यांनाही समजत नाही."

या दोन वाक्यांवर भाळून मी राज्यशास्त्र घेतले. पुढे तीस वर्षे सारांनी मला जेवढे वैतागवले, तेवढे दुसऱ्या कोणी वैतागवलेले नाही. गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी हवे तर वगळावे.

सारांचा मोठा गुण, आणि सारे दुखणे, हे की ते जे शिकवतात तसेच वागतात. बी. ए. झाल्यावर वडिलांनी माझे शिक्षण थांबवायचे ठरवले. मी सारांकडे रडत गेले. ते रविवारी पापनाशमला आले. माझी अपेक्षा होती की हा माणूस वडिलांना फैलावर घेईल. सारांनी कॉफी घेतली आणि म्हणाले, "निर्णय तुमचा. नामधारी राजाला असतात तसे माझे तीनच हक्क: सल्ला देणं, उत्तेजन देणं, सावध करणं." मग त्यांनी तिन्ही हक्क संध्याकाळच्या गाडीपर्यंत इतक्या सावकाश बजावले, की वडिलांनी थकून होकार दिला. एम. ए.ची पुस्तकेही सारांच्याच कपाटातून आली. मी ती परत द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "कसली पुस्तकं?"

आता मंडळाची गोष्ट. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले आपले मराठी मंडळ पूर्वी एकाच अध्यक्षांच्या कंबरेला होते. म्हणजे किल्ल्या त्यांच्या कंबरेला असत आणि ठराव त्यांच्या खणात. ते थांबवण्यासाठी तरुण सेतुमाधवरावांनी मंडळाची घटना लिहिली, थेट देशाच्या घटनेवर बेतून. अध्यक्षांनी कार्यकारिणीच्या सल्ल्याने वागावे. ठराव पटला नाही तर एकदा फेरविचाराला परत पाठवावा. तोच पुन्हा आला, तर सही करावी. घटना मंजूर झाली, टाळ्या पडल्या. पुढे सभासदांनी सारांनाच अध्यक्ष केले आणि स्वतःच्या हाताने विणलेल्या जाळ्यात सार जाऊन बसले.

मंडळाच्या मागच्या खोलीत रविवारी मुलांचा मराठी वर्ग भरत असे. आपल्या घरांतली मुले मराठी समजतात, बोलताना अर्ध्यावर तमिळमध्ये उडी मारतात, आणि देवनागरी पाहिली की टक लावून बघत बसतात. आपल्या मोठ्यांतही देवनागरी वाचणारे थोडेच, म्हणून हा लेखही समारंभात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तेव्हा मुलांना हसायचा अधिकार आपल्याला नाही. सार आणि मी तो वर्ग घेत असू. माझी स्वतःची मुलगी तिथेच आपले नाव लिहायला शिकली.

गेल्या वर्षी कार्यकारिणीने ठराव केला, की ती खोली लग्नासाठी सभागृह घेणाऱ्यांना मेकअप रूम म्हणून द्यावी. चिटणीस मुकुंदराव सारांना म्हणाले, "सार, कल्याणमंडपम् बघायला येणारे पहिलं काय विचारतात? नवरीला एसी खोली आहे का! क-ख-ग शिकवता का, असं कोणी विचारलंय आजवर?"

सारांनी ठराव परत पाठवला. सोबत एकच ओळ: मुलांनी बसायचे कुठे? कार्यकारिणीने भजी संपेपर्यंत फेरविचार केला आणि ठराव होता तसा पुन्हा पाठवला.

मी धावत सारांच्या घरी गेले. "सार, सही करू नका. नकारही देऊ नका. नुसता ठेवून द्या! विधेयकाला संमती कधीपर्यंत द्यावी याची राष्ट्रपतींना मुदत नाही, तुम्हीच शिकवलंत. आपल्या घटनेतही मुदत नाही."

"ती घालायची राहिली. माझी चूक."

"मग त्या चुकीचा फायदा घ्या की!"

"सुगुणा, आज मी चांगल्या कामासाठी ठराव दाबला, तर उद्याचा अध्यक्ष त्याच्या कामासाठी दाबेल. मग त्या आधीच्या अध्यक्षांना आपण कशाला घालवलं?"

"आणि मुलं?"

आतून सारांच्या पत्नीचा, मामींचा, आवाज आला, "तिला काय घटना शिकवता? राष्ट्रपतींना निदान स्वयंपाकी असतो. इथे प्रधानमंत्रीच रसम् करतेय."

सारांनी सही केली. ते आपल्याच घटनेत अडकले होते, तरी मला त्यांची दया आली नाही. मामी हात पुसत बाहेर आल्या, कागदाकडे बघितले आणि मला म्हणाल्या, "मुलांना रविवारी इथे घेऊन ये. माझ्या तिण्णैला कोणाचा ठराव लागत नाही." तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. आता वर्ग तिथे भरतो. पावसात भरत नाही, आणि रस्त्यावरून मिरवणूक गेली की अर्धा वर्ग मिरवणुकीत जातो. मुले कमी होत चालली आहेत.

यावरही कडी झाली ती वार्षिक सभेत. राष्ट्रपतींचे अभिभाषण सरकार लिहून देते. आपल्या घटनेत तेही आहे. मुकुंदरावांनी तमिळ लिपीत मराठी भाषण लिहून दिले आणि सारांनी ते अक्षर न गाळता वाचले. "माझ्या कार्यकारिणीने लहान मुलांचा वर्ग हलवून नववधूंची मोठीच सोय केली आहे." मला वाटले, एवढे ऐकून तरी सभागृह पेटून उठेल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी सूचना केली, की आरशाभोवती दिवे लावावेत.

सभेनंतर मी सारांवर अक्षरशः ओरडले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तू कार्यकारिणीची टिंगल करणारे लेख किती वर्षं लिहितेस?"

"पुष्कळ."

"निवडणुकीला किती वेळा उभी राहिलीस?"

"एकदाही नाही."

"कार्यकारिणीला अध्यक्षांनी अडवायचं नसतं, बाळ. तिला निवडणाऱ्यांनी बदलायचं असतं. माझ्या सहीवर चिडून खोली परत मिळणार नाही."

घरी येईपर्यंत मी मनात त्यांना उत्तरे देत होते. एकही टिकले नाही. तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना, म्हणजे ऐकणाऱ्यांना, कळवते की येत्या निवडणुकीत मी चिटणीसपदासाठी उभी आहे. गौरवलेखात प्रचार करू नये, हा संकेत मला माहीत आहे. पण टाळ्या वाजवलेले बहुतेक हात याच समारंभात एकत्र सापडणार आहेत. माझे मागणे एकच आहे: ती खोली रविवारी सकाळी मुलांची. नवऱ्या मुलींना बाकीचा आठवडा मोकळा आहे. सारांनी मला पाठिंबा दिलेला नाही. अध्यक्ष पक्ष घेत नाहीत म्हणे. मामींनी दिला आहे.

सेतुमाधवराव, तुम्हांला शतायुष्य लाभो. गुडघे, डोळे आणि आवाज शाबूत राहोत, कारण वर्गाला तिन्ही लागतात. मी निवडून आले, तर माझा पहिला ठराव तुमच्याकडे येईल. तुमच्या स्वभावाप्रमाणे त्यातही काहीतरी खोट काढून तुम्ही तो परत पाठवालच. पाठवा. दुसऱ्यांदा येईल, तेव्हा मात्र मुकाट्याने सही करा.